दगड निवडताना: वेगळेपणा कुठला आणि दोष कुठला

आमच्या दगडाच्या यार्डात येणाऱ्या बहुतेकांच्या हातात तळहाताएवढा एक तुकडा असतो. आर्किटेक्टने दिलेला, नाहीतर शेजाऱ्यांच्या ओट्यातून उरलेला. "ताई, अगदी असाच हवा." मी तो तुकडा घेते आणि त्यांना मागच्या घोडीपाशी, म्हणजे स्लॅब उभे टेकवायच्या चौकटीपाशी, नेते. तिथे त्याच नावाचे, त्याच खाणीतले पाच-सहा मोठे स्लॅब उभे असतात. एकात राखाडी लाटा, दुसऱ्याच्या कोपऱ्यात मुठीएवढा काळा डाग, तिसऱ्यावर तिरकी पांढरी रेघ. हातातला तुकडा प्रत्येकाशी कुठे ना कुठे जुळतो आणि पूर्ण असा एकाशीही जुळत नाही. मग चेहऱ्यावर शंका दिसते: आपल्याला फसवतायत की काय?

बहुतेक वेळा ती फसवणूक नसते. पण "नैसर्गिक आहे हो, असंच असतं" या एका वाक्याखाली तडा गेलेला माल खपवणारेही या धंद्यात आहेत. म्हणून गिऱ्हाइकाला आणि या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्यांदा एकच गोष्ट शिकवते: वेगळेपणा आणि दोष हे दोन निराळे आहेत, ते डोळ्यांनी, बोटांनी आणि कानांनी ओळखता येतात, आणि ओळखायची वेळ पातं फिरण्याआधीची असते. एकदा दगड कापला की तो तुमचा.

दगड असा का असतो

ग्रॅनाईट जमिनीच्या पोटात खोलवर, अतिशय सावकाश थंड झालेला खडक. सावकाश थंड झाला म्हणून त्याचा दाणा मोठा, डोळ्यांना दिसेल असा. त्यात काचेसारखा दिसतो तो क्वार्ट्झ, पांढरा किंवा गुलाबी तो फेल्डस्पार, काळा चमकणारा तो बहुतेक वेळा अभ्रक. या तिघांचं प्रमाण खाणीत दहा फुटांवर बदलतं. वितळलेल्या खडकाचा रस उकळत असताना दुसऱ्या खडकाचा तुकडा त्यात पडला आणि पुरता वितळला नाही, तर तो काळा डाग होऊन राहतो. नंतर कधीतरी भेग पडून त्यात नवा रस शिरला, तर पांढरी किंवा गुलाबी रेघ तयार होते. दक्षिणेतले कित्येक ग्रॅनाईट २०० कोटी वर्षांहून जुने आहेत. तेवढ्या काळात जे घडलं ते स्लॅबवर उमटलेलं असतं.

मार्बल म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेला चुनखडक. मूळच्या चुनखडकात माती, लोह, कोळशासारखं काही मिसळलेलं असेल त्याच्याच त्या करड्या, पिवळसर, हिरव्या रेषा. कडप्पा, कोटा, शहाबादी हे बदललेले नाहीत, ते चुनखडकच. एकावर एक साचलेल्या थरांचे, म्हणून त्यांच्या फरश्या थरांवरून सुटतात आणि जाडी कमीजास्त भरते.

आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग मात्र लाव्हाने झाकलेला आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या. आपला काळा पाषाण तो हाच बेसॉल्ट. त्यातही वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या झिओलाइट नावाच्या पांढऱ्या खनिजाने भरल्या, म्हणून काही दगडांवर पांढरे ठिपके दिसतात. ओट्याचं ग्रॅनाईट आपल्याकडे बहुतेक करून बाहेरून येतं. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रात ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीचा, टॅन ब्राउन तेलंगणातल्या करीमनगरचा, लाल दगड कर्नाटकातल्या इलकलचा. काश्मीर व्हाईट तर तमिळनाडूत मदुराईकडे निघतो. नावं व्यापाऱ्यांनी ठेवलेली असतात. एकाच नावाने दोन खाणींचा माल येतो, आणि एकच दगड दोन गावांत दोन नावांनी विकला जातो. त्यामुळे फोनवर नाव सांगून भाव विचारण्यापलीकडे नावाचा उपयोग नाही.

घरून निघण्याआधी: माप आणि आराखडा

पहिल्यांदा हे समजून घ्या की स्लॅब साधारण दोन प्रकारांत मिळतात. कटर साईझ म्हणजे अरुंद पट्टे, दोन ते तीन फूट रुंदीचे, आणि गँगसॉ म्हणजे मोठे, नऊ-दहा फूट बाय पाच-सहा फुटांच्या घरातले. कटर साईझ स्वस्त पडतो, पण जोड वाढतात आणि दोन पट्ट्यांचा रंग जुळवावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. इंग्रजी एल अक्षरासारखा ओटा, एका भिंतीला १० फूट, दुसरीला ६ फूट, रुंदी २ फूट. कोपरा दोनदा मोजू नका. ६ बाय २ चा एक तुकडा कोपऱ्यासकट धरला, तर दुसरा उरतो ८ बाय २. एकूण २८ चौरस फूट. आता ९ बाय ५ च्या एकाच स्लॅबमधून हे दोन पट्टे एकाखाली एक निघतात, शिवाय पुढच्या पट्टीसाठी आणि मागच्या स्कर्टिंगसाठी दगड उरतो. जोड आपोआप कोपऱ्याशी येतो आणि दोन्ही बाजू एकाच स्लॅबच्या असल्याने रंगाचा प्रश्नच राहत नाही. हाच हिशेब न करता गेलात, तर "दोन स्लॅब लागतील" यावर मान डोलवून याल.

वाहत्या रेषांचा दगड घेणार असाल तर आणखी एक गोष्ट कागदावर काढा. एका बाजूला रेषा ओट्याच्या लांबीने धावत असतील, तर कोपऱ्यावरून वळल्यावर त्या जोडाशी काटकोनात आदळतात. काहींना ते चालतं, काहींच्या ते डोळ्यांत खुपतं. तुम्हाला काय चालतं ते घरीच ठरवा. सारख्या दाण्याच्या दगडात ही भानगड नसते, म्हणून पहिल्यांदा ओटा करणाऱ्यांना मी तोच सुचवते.

सिंक आणि शेगडी कुठे बसणार हेही आराखड्यात दाखवा. जोड या दोन्हींच्या कटआउटवर, म्हणजे त्यांच्यासाठी कापलेल्या भोकावर, येऊ देऊ नका. तिथे आधीच दगडाची अरुंद पट्टी शिल्लक राहते, आणि पाणी मुरायला तीच जागा सापडते.

यार्डात

सकाळी जा. उन्हात नाही, सावलीत बघा, आणि स्लॅब उभा असताना सात-आठ फूट मागे सरका. जवळून दाणा कळतो, रंगाची चाल लांबूनच कळते. स्लॅबवर धूळ असते, ती पाण्याने धुवून घ्या आणि वाळू द्या. ओला स्लॅब पाहून हो म्हणू नका, ओलेपणी प्रत्येक दगड गडद आणि सुंदर दिसतो. याचीच उलटी युक्ती खडबडीत बाजूवर चालते. पॉलिश न केलेल्या दगडावर पाणी टाकलं की तो पॉलिश झाल्यावर साधारण कसा दिसेल ते कळतं. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर निवड करू नका. फोटो आठवणीसाठी ठीक आहे.

शक्य असेल तर एकाच ब्लॉकचे लागोपाठचे स्लॅब मागा. ब्लॉक म्हणजे खाणीतून निघालेला मोठा ठोकळा. तो पावासारखा कापला जातो, त्यामुळे शेजारचे दोन काप जवळजवळ सारखे असतात आणि पहिला-विसावा काप कितीतरी वेगळे. स्लॅबच्या कडेला खडूने किंवा रंगाने ब्लॉकचा आणि कापाचा नंबर टाकलेला असतो. तो वाचायला लाजू नका, दुकानदाराला विचारा.

रेघ, नस आणि तडा

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून इथे जरा थांबते.

रेघ म्हणजे दगडात भरलेला दुसऱ्या रंगाचा दगड. तिच्यावरून नख फिरवा, नख अडकत नाही. नस म्हणजे खनिजांच्या दाण्यांमधून गेलेली नैसर्गिक बारीक फट, दगडासोबतच जन्मलेली. बोटाला किंचित जाणवते, पण दोन्ही बाजू एकाच पातळीत असतात. मार्बलमध्ये आणि रंगीबेरंगी ग्रॅनाईटमध्ये नस असणं हा दोष नाही. ती कुठे आली आहे हे मात्र महत्त्वाचं. ओट्याच्या मधोमध चालेल, सिंकच्या कटआउटच्या कोपऱ्यातून जात असेल तर नाही. तडा म्हणजे नंतर बसलेला धक्का: सुरुंगाचा, क्रेनचा, ट्रकमधल्या खड्ड्याचा. तड्याची एक बाजू कधीकधी केसभर वर असते, नख तिथे टक्कन अडतं, आणि तो बहुधा कडेपासून निघून आत जातो.

डोळ्यांना खात्री पटत नसेल तर मागच्या बाजूला जा. खडबडीत पाठीवर ओलं फडकं फिरवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. सगळी पाठ वाळत जाते आणि जिथे आरपार फट आहे तिथे एक ओली काळी रेषा मागे उरते. गेल्या पावसाळ्याआधी एका बाईंना मी असंच दाखवलं. त्यांनी पसंत केलेला पांढरा स्लॅब पुढून निर्दोष होता. पाठ पुसली, आम्ही दोघी उभ्या राहिलो, आणि कोपऱ्यापासून दीड फूट आत गेलेली रेषा हळूहळू एकटीच शिल्लक राहिली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बोट तिच्यावरून फिरवलं. तो स्लॅब आम्ही लहान तुकड्यांसाठी, खिडक्यांच्या पट्ट्यांसाठी काढून ठेवला.

कानाने तपासायचं असेल तर स्लॅब सुटा उभा असताना नाण्याने किंवा छोट्या हातोडीच्या मुठीने हलकेच वाजवा. धड दगड खणखणीत वाजतो. तडा गेलेला भद्द वाजतो. चार ठिकाणी वाजवून आवाजाची तुलना करा, एका ठोक्यावर निकाल देऊ नका.

पाठीवर जाळी चिकटवलेली दिसली तर घाबरू नका, पण विचारा. नाजूक मार्बलला वाहतुकीत आधार म्हणून जाळी आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, लावतात, ती रीतच आहे. जाळी असली की पाठीवरची पाण्याची तपासणी करता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा आणि पुढची बाजू दुप्पट काळजीने बघा. रेझिन भरलेली जागा तिरक्या उजेडात ओळखू येते, तिची चमक आजूबाजूच्या दगडापेक्षा निराळी पडते.

काळ्या दगडाबद्दल वेगळं सांगते. राखाडी दगडाला रंग चढवून तो काळा म्हणून विकतात. पांढऱ्या सुती कापडावर थोडं थिनर घ्या आणि कोपऱ्यावर, कडेवर जोरात घासा. कापड काळं झालं तर तो रंग आहे. असा ओटा दोन-तीन वर्षांत लिंबू-साबणाने जागोजागी फिका पडतो, आणि तो परत काळा करायचा चांगला इलाज माझ्याकडे नाही.

घरी एक रात्र

दुकानदाराकडून त्याच लॉटचा पॉलिश केलेला तुकडा मागून घ्या. चांगला दुकानदार देतो. घरी त्यावर चार ठिकाणी चार गोष्टी ठेवा: पाण्याचा थेंब, तेलात कालवलेली हळद, लिंबाचा रस, चहा. रात्रभर राहू द्या आणि सकाळी साध्या साबणाने पुसा.

पाण्याखालची जागा गडद झाली असेल तर दगड पाणी पितो, म्हणजे त्याला सीलर, पाणी आणि डाग मुरू न देणारा लेप, लागेल. फिकट रंगाच्या ग्रॅनाईटमध्ये हे नेहमीचं आहे. हळदीचा डाग राहिला तर रोजच्या फोडणीच्या घरात तो दगड सीलरशिवाय बसवू नका. लिंबाच्या जागी चमक गेली असेल तर तो चुन्याचा दगड आहे: मार्बल, कडप्पा, कोटा यांपैकी काहीतरी. यात दोष काही नाही, तो त्याचा गुणधर्म. फक्त तिथे आम्लं चालत नाहीत, आणि संडास साफ करायचं ॲसिड तर अजिबात नाही. आपल्या आयांनी कडप्प्याच्या ओट्यावर आयुष्यं काढली, पण लिंबू कापायला त्या ताटली घ्यायच्या.

बिलावर काय हवं

दगडाचं नाव, जाडी, फिनिश, ब्लॉक नंबर, प्रत्येक स्लॅबचा नंबर आणि माप. जाडी मोजूनच लिहून घ्या. इथल्या बाजारात १६ ते १८ मिलिमीटर सर्रास चालतं, २० हवं असेल तर तसं ठरवून सांगा. माप कसं धरतात, तुटलेल्या कोपऱ्याची वजावट आहे का, हे भाव ठरायच्या आधी विचारा. मग निवडलेल्या स्लॅबच्या कडेवर मार्करने स्वतःची सही करा आणि नंबर दिसेल असा फोटो काढा. डिलिव्हरीच्या दिवशी ट्रकमधून उतरवण्याआधी तीच सही शोधा.

हे मी अनुभवाने सांगते. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका बंगल्याच्या जिन्यासाठी मी पायऱ्या पाठवल्या होत्या. एका ब्लॉकमधून सगळ्या निघेनात, म्हणून शेवटच्या सहा दुसऱ्या ब्लॉकच्या घातल्या. नाव एकच, आणि गोदामाच्या ट्यूबलाइटखाली रंगही एकच वाटला. तिथे मधल्या लँडिंगवर मोठी खिडकी होती. सकाळचं ऊन आत आलं आणि खालचा जिना करडा, वरचा गुलाबी झाला. घरातल्या आजी पहिल्या पायरीवर उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "बाळ, हा जिना मधेच बदललाय का गं?" पायऱ्या काढून नव्या बसवल्या. तेव्हापासून दोन ब्लॉक मिसळावेच लागले तर मी ते आधी सांगते आणि बदल दारापाशी किंवा वळणावर येईल असा आखते.

कापण्याआधी मांडून बघा

फरशीचं काम असेल तर चुना-सिमेंट कालवण्याआधी एक खोली कोरडी मांडा. मार्बल नंबरवारीने मांडा, रेषा एका दिशेने वाहू द्या, आणि स्टुलावर चढून वरून फोटो घ्या. खाली उभं राहून जे दिसत नाही ते फोटोत दिसतं. फारच गडद तुकडे पलंगाखाली, कपाटाखाली जातील असे सरकवा.

कोटा किंवा शहाबादीत उलट करा. तिथे नंबर नसतात, म्हणून तीन-चार थप्प्यांमधून एकेक फरशी उचलत मिसळून लावा. एकच थप्पी संपवून दुसरी घेतली की जमिनीवर पट्टे उमटतात. मिस्त्रींना घाई असते, त्यांना हे पहिल्याच दिवशी नीट सांगा. "दादा, चार थप्प्या उघडून मगच सुरू करा" एवढं पुरतं.

ओट्याच्या कामात कारागिरासमोर स्लॅबवर खडूने आखून घ्या: हा लांब पट्टा, हा आखूड, इथे सिंक. काळा डाग सिंकच्या कटआउटमध्ये पडेल असं आखता आलं तर तो आपोआप निघून जातो. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्या खरेदीतली हीच सर्वांत मोलाची दहा मिनिटं.

बसवताना तीन गोष्टींवर डोळा ठेवा. पांढऱ्या मार्बलखाली करडं सिमेंट नको, त्याची छटा आणि डाग वर येतात. पांढरं सिमेंट किंवा पांढरं अ‍ॅडहेसिव्ह वापरा. आणि राजस्थानातला हिरवा मार्बल, जो खरंतर सर्पेंटाइन नावाच्या वेगळ्या खनिजाचा आहे, तो पाणी घालून कालवलेल्या सिमेंटच्या मालावर बसवला की वाकू शकतो. त्याला इपॉक्सीच, म्हणजे पाण्याशिवाय घट्ट होणारं चिकटवणच, लागतं. लोह असलेला पांढरा ग्रॅनाईट खालून सतत ओला राहिला तर काही महिन्यांत पिवळा, तांबूस पडतो. त्यावर पॉलिश करून उपयोग नसतो, आधी पाणी कुठून येतंय ते शोधावं लागतं.

या कामात येणाऱ्यांसाठी

रंग ओळखायला वर्षभरात शिकाल. त्याआधी पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिका.

पहिली, वजन. ९ बाय ५ फुटांचा १८ मिलिमीटरचा ग्रॅनाईट स्लॅब साधारण २०० किलो भरतो. घोडीवरचा स्लॅब पुढे झुकला तर तो हाताने थोपवायला जायचं नाही, बाजूला व्हायचं. दोन स्लॅबच्या मध्ये शिरून मागचा नंबर वाचायचा नाही. घोडीवरून माल उचलताना दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवायचं. तुकडा नेताना उभा धरायचा, आडवा नाही, कारण आडवा धरलेला दगड स्वतःच्या वजनानेच मधे मोडतो.

दुसरी, धूळ. ग्रॅनाईटमधल्या क्वार्ट्झची अतिबारीक धूळ फुप्फुसात बसते आणि तिथून निघत नाही. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात, तो बरा होत नाही. कायद्याने तो सरकारला कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत आहे. कृत्रिम क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वरही जातं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली ती कामगारांच्या फुप्फुसांसाठीच. आपल्याकडे आजही मिस्त्री घरातल्या घरात कोरड्या ग्राइंडरने सिंकचं भोक पाडतात, तोंडाला रुमाल बांधून. रुमालाने ही धूळ अडत नाही. पाणी सोडून कापा, निदान एन-९५ मास्क घाला, संध्याकाळी झाडू मारण्याऐवजी ओलं पुसा, आणि धुळीचे कपडे घरी नेऊ नका.

घरमालकांनीही यात लक्ष घालावं. कटिंग यार्डात, पाण्यावर करून घ्यायचं असं आधीच ठरवा. खर्च थोडा वाढतो. घरात करायचंच असेल तर पाण्याची नळी तुम्ही धरा, मुलांना दुसऱ्या घरी पाठवा आणि कारागिराच्या तोंडावर मास्क आहे ना ते बघा.

काम संपलं की सिंकच्या कटआउटचा तुकडा टाकून देऊ नका. त्याच्या पाठीवर ब्लॉक नंबर, स्लॅब नंबर आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवा. पुढे ओट्याचा कोपरा उडाला तर याच तुकड्यातून ठिगळ निघतं. सीलर बदलायचा झाला तर आधी याच्यावर लावून बघता येतो.